जुना डेस्कटॉप सुरू होत नाहीये : बोर्ड गेला की एसएमपीएस?

निरगुडी

राम राम मंडळी,

घरी रत्नागिरीला बाबांचा डेस्कटॉप आहे, २००९ साली असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर२ रॅमच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची साटा हार्डडिस्क, विंडोज ७. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, असेंबल करणाऱ्याने तेव्हा टाकला तोच, वर ४५० वॅटचा स्टिकर.

गेला पावसाळा संपल्यापासून कुरकुरत होता. सकाळी बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा गरकन अर्धी गिरकी घ्यायचा नि थांबायचा. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. असं करता करता एकदाचा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही. दुपारी बंद करून लगेच लावला तर पहिल्या फटक्यात चालू. आता मात्र अजिबात नाही. पंखा हलतो, पुढचा दिवा लुकलुकतो, संपलं. बीप नाही, स्क्रीन काळी. यूपीएस काढून थेट भिंतीच्या प्लगला लावला, केबल बदलली, फरक शून्य.

इथल्या दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता सांगितलं, "बोर्ड गेला. याचे पार्ट येत नाहीत आता. नवीन घ्या."

अडचण अशी की बाबांनी निवृत्तीनंतर जमवलेला आमचा कुळवृत्तांत त्यातच आहे, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी फॉन्टात. पेन ड्राइव्हवरची प्रत बरीच जुनी आहे. खरंच बोर्ड गेला असेल का? आणि मशीन नाहीच उठलं तर हार्डडिस्कमधलं मिळेल ना? स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर मला चालवता येतो, त्यापुढचं ज्ञान यथातथा.

मिरचीठेचा

सकाळी उठायला कुरकुर, दुपारनंतर टवटवीत. आमच्या हिचा भाऊ कॅबिनेटमध्ये बसलाय का बघा.

(हलके घ्या. जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.)

रात्रपाळी

निरगुडीताई, आधी हार्डडिस्क काढा. आजच. बाकीचं नंतर बघू.

वर्णनावरून डिस्कला काही झालेलं दिसत नाही, पण वीज धड मिळत नसताना परत परत बटण दाबत राहिलात तर तिलाही प्रत्येक वेळी झटका बसतो. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच काम आहे. साटा टू यूएसबी अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण घेताना बघून घ्या : त्याच्यासोबत स्वतःचा १२ व्होल्टचा पॉवर अ‍ॅडॉप्टर हवा. नुसती यूएसबीची वायर असलेला लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला चालतो. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबीतून ५ च मिळतात. लोक स्वस्तातला आणतात आणि मग डिस्क गेली म्हणून रडतात.

लॅपटॉपला लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारू लागलं तर 'नाही' म्हणा आणि इथे या.

खडूस_काका

पंधरा वर्षं उलटून गेलेलं मशीन. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. डेटा काढा, डबा भंगारात द्या, एक रिफर्बिश्ड छोटा पीसी आणा. टेबलही मोकळं होईल, वीजबिलही कमी येईल. ह्या वस्तूंमध्ये भावना गुंतवायच्या नसतात.

गोगलगाय

रॅम काढून खोडरबरने पुसून परत लावा. कोकणातल्या दमट हवेत तिचे सोनेरी दात काळे पडतात. आमच्या मालवणच्या मशीनचा दर पावसाळ्यात हाच उपाय, आणि दर वेळी लागू पडतो.

बाराबंदी

सीमॉस बॅटरी बदला, बोर्डावरची ती घड्याळ आणि सेटिंग जपणारी. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळेल. जुन्या मशीनची नव्वद टक्के दुखणी तिथूनच येतात.

सुगरण_नव्हे

झाकण उघडताना जपून. माहेरी सीपीयू असाच बंद पडला होता. उघडला तर एसएमपीएसच्या पंख्यात पाल वाळून चिकटलेली, आणि ती काढायला कोण पुढे होणार यावर घरात मोठी चर्चा. खाली मुंग्यांची वसाहत होती ती वेगळीच. बोर्डाच्या उबेला त्या अंड्यांसकट मुक्कामाला येतात.

निरगुडी

सुगरण, देवा! आता उघडायला भावाला सांगते.

रात्रपाळी, डिस्क काढली, अ‍ॅडॉप्टर मागवलाय, १२ व्होल्टवाला.

काका, तुमचं पटतं, पण एक गोची आहे. बाबांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लॉक आहे. तो छोटा ठोकळा मागच्या पॅरलल पोर्टला लावल्याशिवाय ते उघडतच नाही. नव्या मशीनला हा पोर्टच नसतो. फायली मिळाल्या तरी त्या उघडणार कशात? म्हणून मशीनच हवंय, निदान काही महिने.

टेस्टर_आबा

पालीपर्यंत चर्चा आली आहे तेव्हा आता मी घुसतो. माझा या दुरुस्तीच्या धंद्यात बराच काळ गेला आहे, आता हौस म्हणून करतो.

निरगुडी, तुमच्या पोस्टमध्ये निदान अर्धं लिहिलेलंच आहे. सकाळी थंड असताना सुरू होत नाही, एकदा तापल्यावर कुरकुर नाही, आणि हे हळूहळू वाढत गेलं. हे वागणं इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या त्या छोट्या नळकांड्यांचं. आतला द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने उडत जातो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि तो रोध थंडीत आणखी जास्त असतो. म्हणून सकाळी रुसवा. आता हे कपॅसिटर दोन ठिकाणी असतात : एसएमपीएसमध्ये आणि बोर्डावर प्रोसेसरच्या आजूबाजूला. कुठले गेलेत ते शोधायचं.

गोगलगाय म्हणतात ती रॅम : रॅम खराब असेल तर सहसा पंखा फिरतच राहतो, डिस्प्ले येत नाही, आणि बोर्डाला स्पीकर जोडलेला असेल तर तो ठणाणा करतो. पंखा थांबणं हे सहसा रॅमचं लक्षण नाही. शिवाय खोडरबर जपून वापरा. तो सोन्याचा पातळ मुलामा घासून काढतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

बाराबंदी म्हणतात ती बॅटरी : ती मेली की तारीख चुकते, सेटिंग बिघडल्याचा 'चेकसम'चा निरोप येतो, एफ१ दाबायला लागतं. मशीन अर्ध्या गिरकीत मरत नाही.

आता मल्टिमीटर घ्या. डीसी व्होल्ट, २० ची रेंज. एसएमपीएसचा २४ पिनांचा जाड प्लग बोर्डालाच लावलेला ठेवा आणि प्रोब मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत सारा. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीवर.

जांभळी वायर : मशीन बंद असतानाही, नुसता भिंतीचा स्विच चालू केला की इथे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ४.७५ ते ५.२५ चालतं. ही स्टँडबाय लाइन. बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते हिच्या जिवावर.

हिरवी : बंद असताना व्होल्टेज दिसेल, बटण दाबलं की शून्याजवळ यायला हवं. आलं, म्हणजे बटण आणि बोर्डाचा तो भाग ठीक.

करडी : एसएमपीएसला स्वतःबद्दल खात्री झाली की तो हिच्यावरून बोर्डाला 'आता चालू हो' असं कळवतो. तुमच्याकडे बहुधा तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरी परीक्षा. भिंतीचा प्लग काढा. प्रोसेसरजवळ चार पिनांचा वेगळा छोटा प्लग असतो, दोन पिवळ्या दोन काळ्या. तो काढा. परत वीज देऊन बटण दाबा. डिस्प्ले येणार नाहीच, पण पंखा फिरत राहतो का ते सांगा. आकडे आणा, मग बोलू.

आणि एक : एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही वेळ बसून राहतं.

मिरचीठेचा

आबांना दंडवत. मी आत्तापर्यंत बंद पडलं की कॅबिनेटला एक चापट मारायचो.

गोगलगाय

आबा, खोडरबराबद्दल असहमत. आमचं मशीन त्यावरच चालू आहे. मुलामा जायचा तेव्हा जाईल.

टेस्टर_आबा

कदाचित नुसती काढून परत लावल्यानेही चालू झालं असतं. घासणीने बसतो तोच संपर्क. पुढच्या पावसाळ्यात रबर न वापरता करून पाहा.

डलासकर

जरा अवांतर, पण याच विषयाला धरून. काही एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचा छोटा स्विच असतो, ११५ / २३०. इथे अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणून तो ११५ वर असतो. माझा इथला जुना डेस्कटॉप मेव्हण्याने हौसेने पुण्याला नेला. कोणी स्विचकडे पाहिलं नाही. फट्ट असा आवाज, धूर, आणि सोसायटीचा वॉचमन वर. त्या ११५ च्या जागेवर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करून घेतं, त्यात २३० घातल्यावर दुसरं काय होणार! बोर्ड मात्र वाचला, नवीन एसएमपीएसवर अजून चालतोय.

निरगुडीताईंचं मशीन भारतातलंच, तेव्हा हे कारण नसणार. पण झाडताना कोणाचा हात लागून स्विच सरकलेला नाही एवढं बघा, नंतरही.

निरगुडी

आबा, भाऊ आणि मी मिळून केलं. पाल नाही, मुंग्या नाहीत, धुळीची गादी मात्र होती.

जांभळी ४.५८. हिरवी बंद असताना ४.४, बटण दाबलं की ०.१ पर्यंत येते आणि लगेच परत वर. करडी शून्यावरून हलत नाही. चार पिनांचा प्लग काढल्यावर पंखा फिरत राहतो! बंद करेपर्यंत फिरतच होता.

बोर्डावरचे प्रोसेसरजवळचे कपॅसिटर बघितले, सगळ्यांची डोकी सपाट आहेत. फुगलेलं, गळलेलं काही नाही.

आणि एक विचित्र गोष्ट. वीज चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. पूर्वीही यायच्या म्हणे, बाबा रबरी चप्पल घालून बसायचे.

रात्रपाळी

चार पिनी काढल्यावर चालतंय म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात शॉर्ट आहे. बोर्डावरचा एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेला असणार. दुरुस्तीवाल्याचं बरोबर निघालं म्हणायचं, झाकण न उघडता का होईना.

टेस्टर_आबा

थांबा रात्रपाळी, फासावर इतक्या लवकर चढवू नका. चार पिनी काढल्यावर चालणं याचे दोन अर्थ होतात. एक तुम्ही म्हणता तो. दुसरा असा की एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन इतकी कमजोर झालीय की प्रोसेसरचा भार आला की ती बसते आणि एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. ई७५०० हा ६५ वॅटच्या गटातला प्रोसेसर, फार मागत नाही. पण मरणाऱ्या एसएमपीएसला तेवढंही जड.

दोन्हींतला फरक मिनिटात कळतो. भिंतीचा प्लग पूर्ण काढा, जरा थांबा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा. बोर्डावरच्या त्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळ्याची जागा आणि काळ्याची जागा यांच्यात मोजा. शॉर्ट असेल तर आकडा शून्याच्या आसपास चिकटून बसेल. बोर्ड बरा असेल तर आकडा लहानापासून सुरू होऊन चढत चढत जाईल, कारण मीटरची बॅटरी बोर्डावरचे कपॅसिटर भरत असते.

जांभळी ४.५८ हे मात्र एसएमपीएसच्या विरोधातच साक्ष देतंय. स्टँडबाय लाइन ४.७५ च्या खाली असणं म्हणजे आतले कपॅसिटर थकले.

झिणझिण्यांबद्दल : एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर. अर्थिंग धड असेल तर तो प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं, ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह फार थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण याचा अर्थ घराच्या त्या प्लगला अर्थिंग नाही. मशीन चालू होवो न होवो, इलेक्ट्रिशियनला बोलवा. चप्पल हा उपाय नव्हे.

सुगरण_नव्हे

हे वाचून मी घरातल्या सगळ्या तीन पिनी प्लगांकडे संशयाने बघतेय. आमच्या जुन्या वाड्यात तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, मागे वायरच नव्हती.

खडूस_काका

अर्थिंग, एसएमपीएस, बॅटरी, इलेक्ट्रिशियन. बेरीज करा म्हणजे कळेल.

बाराबंदी

काका, अर्थिंग नव्या पीसीलाही लागतं.

रात्रपाळी

आबा, ओहमच्या परीक्षेचं मान्य. आकडा येईपर्यंत मी माझा मॉस्फेट मागे घेत नाही :)

कपॅसिटर निघालेच आहेत तर, २००० सालाच्या आसपास बनलेल्या बोर्डांवर हे कपॅसिटर फुगण्याची साथच आली होती ना? सदोष इलेक्ट्रोलाइट, आत वायू तयार व्हायचा आणि डोक्यावरच्या खाचेतून फुटायचे. आमच्या ऑफिसात रांगेने मशीनं गेली होती.

टेस्टर_आबा

हो, पण हे मशीन त्यानंतरचं. इथे साथ नाही, वय आहे. कपॅसिटरवर १०५ अंश, २००० तास असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे १०५ अंशांवर ठेवला तर तेवढे तास. दर दहा अंश कमी तापमानाला आयुष्य साधारण दुप्पट धरतात. ६५ अंशांवर त्याच हिशोबाने ३२ हजार तास. धुळीची गादी बसून एसएमपीएसचा पंखा गुदमरला की हा हिशोब खाली येतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशवालेच टाकतात, तिथे सुरुवातच कमी.

फुगलेला दिसला तर गेलाच, पण सपाट दिसतो म्हणून चांगला असं मात्र नाही. सपाट डोक्याचेही आतून वाळतात.

निरगुडी

आकडा चढत गेला! १५० पासून सुरू होऊन हजाराच्या वर जाऊन थांबला.

आणि मोठी बातमी. भावाच्या मित्राचं सायबर कॅफे होतं, त्याच्या माळ्यावरून एक चालू एसएमपीएस मिळाला. कॅबिनेटमध्ये न बसवता बाहेर टेबलावरच ठेवून दोन्ही प्लग लावले, जांभळी ५.०९. बटण दाबलं आणि पंखा फिरायचा थांबलाच नाही. 'सीमॉस चेकसम बॅड', तारीख १ जानेवारी २००९, एफ१ दाबा. मग डिस्क जोडली आणि विंडोज आलं. बाबांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावायला घेतला होता, आईने हातातून काढून घेतला.

मिरचीठेचा

लाइव्ह मॅच बघितल्यासारखं वाटलं. आबांना सामनावीर.

बाराबंदी

चेकसम बॅड! म्हणजे बॅटरी गेलेली होतीच. माझं अर्धं उत्तर बरोबर धरावं.

रात्रपाळी

मॉस्फेट मागे घेतला.

ताई, पहिल्यांदा चालू झालंय तर सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, पेजमेकर नंतर उघडा. फायलींसोबत फॉन्टच्या फाइलीही घ्या, नाहीतर पुढे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल.

टेस्टर_आबा

उत्तम. तो माळ्यावरचा एसएमपीएस कायमचा ठेवू नका, त्याचंही वय झालंय. नवा घेताना स्टिकरवरच्या मोठ्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. खाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला १५-१६ अँपिअरच असतील तर काय ते समजा. डबा हातात घेऊन वजनही बघा, हलका लागला तर परत ठेवा. हार्डडिस्कसाठी साटाचे प्लग आहेत ना, तेही पाहून घ्या. बॅटरी बदलाच, आणि बदलल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटाचा, म्हणजे डिस्कशी बोलण्याचा, मोड पूर्वीसारखा आहे का ते तपासा. आयडीई-एएचसीआयची अदलाबदल झाली तर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल आणि तुम्ही परत घाबराल.

खडूस_काका

चालू झालं, अभिनंदन. माझा मुद्दा तरीही कायम : इंटरनेटला जोडू नका. टायपिंगपुरतं वापरा, नेटची केबल काढून ठेवा.

निरगुडी

काका, तेच करतोय. केबल काढली.

आता पुढचा प्रश्न. कुळवृत्तांत युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरांत) न्यायचा आहे, म्हणजे चुलत भावंडांना फोनवर वाचता येईल. कोणी केलंय का?

वाफाळता_चहा

आमच्या संस्थेच्या जुन्या अंकांचं केलं आहे. पेजमेकरची फाइल आता त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे मजकूर त्याच मशीनवर पेजमेकरमधून एक्स्पोर्ट करून घ्या, प्रकरणागणिक वेगळी फाइल. मग कन्व्हर्टरला द्या. पण कन्व्हर्टर फॉन्टप्रमाणे बदलतो. श्रीलिपीसाठीचा वेगळा, डीव्हीबी-टीटी सुरेखसाठीचा वेगळा. चुकीचा लावलात तर भलतीच अक्षरं येतात.

नंतर वाचून काढावं लागतंच. रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलतीकडे चिकटते, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' तर हमखास मोडतात. कुळवृत्तांतात आडनावं आणि गावांची नावं असणार, तिथे स्पेलचेकर उपयोगी नाही. बाबांनाच छापील प्रत घेऊन शेजारी बसवा. तारखा आणि पिढ्यांचे आकडे वेगळे तपासा, काही फॉन्टांत देवनागरी आकडे भलत्याच कळांवर असतात.

झुळूक७७

नमस्कार, धागा वाचला, फार उपयोगी. माझं मशीनही असंच आहे पण पंखा फिरत राहतो, थांबत नाही, आणि डिस्प्ले येत नाही. एक लांब आणि दोन आखूड बीप वाजतात. एसएमपीएस बदलू का?

टेस्टर_आबा

नको. अ‍ॅवॉर्ड बायोस असेल तर ही बीप डिस्प्लेची. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वीज बंद करून ते काढा, साफ करा, घट्ट बसवा. तरीही तेच, तर कार्ड काढून बोर्डाच्या स्वतःच्या व्हीजीएला मॉनिटर लावून बघा. बोर्डाचं नाव आणि फोटो टाकून नवा धागा काढा, तिकडे येतो.